अंगठ्यांशिवाय लंबगोल

तिचा नवरा दिवसाला मोजून वीस शब्द बोलायचा, आणि त्यातले निम्मे काचेशी. काच कापताना तो पुटपुटायचा, "चल, चल, शहाणी," आणि काच खरंच शहाण्यासारखी रेषेवर तुटायची. बायकोला त्याने कधी शहाणी म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. सगळा रस्ता त्याला काचवाला म्हणायचा आणि म्हणून तिला काचवाली. पुढे बारा फुटांचं दुकान, मागे दोन खोल्या, आणि काचेची कणी घरात उडून येऊ नये म्हणून मध्ये एक जाड पडदा. पडद्याच्या पुढे तो, मागे ती. एकतीस वर्षांचा संसार असा झाला.

जेवायला तो मान खाली घालून यायचा आणि तशीच घालून परत जायचा. पण वर्षातून चार-पाचदा तो पडदा बाजूला करून उभा राहायचा आणि म्हणायचा, "ये गं जरा." म्हणजे लंबगोल आरशाचं काम आलेलं असायचं.

त्याची रीत अशी होती. आरसा टेबलावर उताणा ठेवायचा, मधोमध एक आडवी आणि एक उभी रेष मारायची, आणि आडव्या रेषेवर मधल्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर डावीकडे एक, उजवीकडे एक, असे दोन ठिपके द्यायचे. तिने दोरीची दोन टोकं त्या ठिपक्यांवर दोन अंगठ्यांनी दाबून धरायची. तो सैल दोरीत पेन्सिल अडकवायचा, दोरी ताणायचा आणि ताण न सोडता पेन्सिल फिरवत न्यायचा. वरचा अर्धा निघाला की ती टेबलाला वळसा घालून पलीकडे जायची, पुन्हा त्याच ठिपक्यांवर अंगठे, आणि मग खालचा अर्धा. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. तेवढ्यात तो तीन-चारदा बोलायचा. "धर." "नीट दाब." "हलू नकोस." आणि शेवटी, "सोड."

तीही काही मुकाट्याने करणारी नव्हती. "दूध ठेवलंय गॅसवर," ती म्हणायची, "तुम्हाला मेलं एकेक काम मी कामात असतानाच सुचतं!" पेरांवर दोरीचा वळ उमटायचा, तो ती त्याच्या नाकासमोर नाचवायची. लग्न झालं त्या वर्षी तिने एकदा विचारलंही होतं, की माझ्या अंगठ्यांऐवजी दोन खिळे का नाही ठोकत? तो तिच्याकडे नुसता बघत राहिला होता. "आरशात खिळे ठोकतात का?" तो म्हणाला. पुढे तिने तो विषय काढला नाही.

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी तो दुकानातल्या स्टुलावर बसल्या बसल्या गेला. हाक नाही, कण्हणं नाही. ती चहा घेऊन पुढे आली तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून बसला होता, आणि कप टेबलावर ठेवून ती दोन वाक्यं बोललीसुद्धा त्याच्याशी. उत्तर आलं नाही याचं तिला नवल वाटलं नाही. त्या दोन वाक्यांची तिला नंतर फार लाज वाटायची. काय बोलली होती तर म्हणे, साखर संपत आलीय.

तिला वाटलं होतं, आपलं घर आधीपासूनच गप्प, आता आणखी काय गप्प होणार. पण तसं नसतं. पडद्यापलीकडे माणूस न बोलता बसलेला असणं आणि माणूसच नसणं यात किती अंतर आहे, ते तिला पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. संध्याकाळी ती पोळ्या करायला बसली की हात आपोआप त्याच्या वाटणीच्या करून मोकळे व्हायचे. कटरची कर्र अशी बारीक कुरकुर कानाला इतकी सवयीची होती, की ती थांबल्यावर तिला भर दुपारी दचकून जाग यायची. बोलायला कोणी नाही, हे दुःख तिला नवं नव्हतं. ज्याच्यावर चिडायचं तोच नाही, हे नवं होतं.

दुकान मात्र तिने बंद केलं नाही. शेवटची दोन वर्षं त्याचा हात थरथरायचा, तेव्हा सरळ कापाची कामं तिनेच अंगावर घेतली होती. खिडक्यांच्या काचा, फोटोंच्या काचा, टेबलावरच्या काचा. कटर चालवायला तिचा हात बसला होता. रेष सरळ असो की वाकडी, आखून मिळाली की ती तिच्यावरून बिनचूक जायची. अडायचं ते आखण्यापाशी.

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. दर रविवारी न चुकता फोन करायचा. मुलगा गुणाचा, आईची काळजी असणारा, आणि काळजी करणारी माणसं बोलतात तसंच अंगावर येऊन बोलणारा.

"आई, तो मोबाइलची कव्हरं विकणारा माणूस पुन्हा विचारत होता. एक तारखेपासून जागा हवीय त्याला."

"दुकान चालतंय माझं."

"चालतंय म्हणजे काय, खिडक्यांच्या काचा. बाबांचं नाव आरशांमुळे होतं. ते तुला कसं जमेल?"

"ते आरसे आम्ही दोघांनी मिळून केलेत."

मुलगा हसला. अगदी मायेने हसला. "आई, तू दोरी धरायचीस गं."

तो वाईट हेतूने बोलला नव्हता, पण ते वाक्य तिच्या जिव्हारी लागलं. तिने एकतीस वर्षांचा हिशोब मनातल्या मनात मांडून पाहिला आणि त्यात खरंच दोरी धरण्यापलीकडे काही सापडेना. मग ती जिद्दीला पेटली.

"एक लंबगोल आलाय," ती म्हणाली. "मोठा आहे, आणि महिनाअखेर द्यायचाय. तो एकटीने करून दाखवते. जमला तर दुकान माझं, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही. नाही जमला तर किल्ली तुझ्या हातात देते नि मुकाट तुझ्याकडे येते."

"आई, अगं असं पैजेवर..."

"ठेवते," म्हणून तिने फोन ठेवला.

काम चौकटवाल्याकडून आलं होतं. चौकटवाला म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारा सुतार, तिच्या नवऱ्याचा एकुलता एक दोस्त. दोघांच्या वाटचं तोच बोलायचा, त्यामुळे दोस्ती टिकली. कोणाची तरी जुनी कोरीव चौकट त्याने दुरुस्त केली होती, आणि आतला फुटका आरसा बदलायचा होता. "वहिनी, हिचा काठ फार नाजूक आहे हो," तो चौकट टेबलावर ठेवत म्हणाला. "आरशाला धरून ठेवायला जेमतेम तीन मिलिमीटर लाकूड आहे. माप चुकलं तर फट दिसणार. नसेल जमत तर सांगा, मी दुसरीकडून आणवतो. संकोच नको."

"जमेल," ती म्हणाली. चौकट तिने आपल्याकडे ओढून घेतली.

त्या दिवसापासून तिचे नाना उद्योग सुरू झाले. आधी जुन्या टाकाऊ काचेवर सराव. दोरीचं एक टोक तिने डाव्या अंगठ्याने दाबलं, दुसऱ्यावर इस्त्री ठेवली आणि उजव्या हाताने पेन्सिल फिरवली. इस्त्री सरकली. मग इस्त्रीवर वजनं ठेवली, तर दोरीच खालून निसटली. दोन्ही टोकं चिकटपट्टीने चिकटवून पाहिली. ताण पडल्याबरोबर एक उपटून आलं. चौथ्या खेपेला आकृती पूर्ण झाली खरी, पण एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे निमुळती. दुधी भोपळा म्हणून कोणीही ओळखला असता. तिने तो पुसला आणि कोणाला तरी बोलवावं म्हणून दारापर्यंत गेली.

दारात उभी राहून तिने विचार केला, कोणाला? समोरचा इस्त्रीवाला आला असता, पाठीमागची शेजारीण आली असती. दहा मिनिटांचं तर काम. पण त्यांना बोलवायचं म्हणजे आधी सगळं सांगायचं, मग 'अगं बाई, आता तुलाच करावं लागतं का सगळं' ऐकून घ्यायचं, आणि मुलाला एकटीने करते म्हटलंय ते वेगळंच. शिवाय खरं सांगायचं तर तिला त्या दोन ठिपक्यांवर दुसऱ्या कोणाचे अंगठे नको होते. ती आत आली आणि स्टुलावर बसून राहिली. ज्याला हाक मारायला जीभ वळत होती तो एकच माणूस होता.

तिसऱ्या दिवशी गणिताच्या बाई आल्या. बाई शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली असतील. कोणी विचारलं नाही तरी त्या शिकवतात, ही त्यांची ख्याती. त्या खिडकीच्या काचेचं माप द्यायला आल्या होत्या, आणि टेबलावर पुन्हा उमटलेला भोपळा पाहून चष्मा वर सरकवत थांबल्या.

"हे काय काढताय?"

"लंबगोल."

"हा?" बाईंनी आणखी जवळून पाहिलं. "दोरीने काढताय का? अहो, दोरीला माणूस लागतो. एकटीने काढायचा तर समीकरणावरून काढा."

काचवाली सातवी शिकलेली. समीकरण म्हटल्यावर तिने कानावर हात ठेवले. पण बाई अशा कानांना भीक घालणाऱ्या नव्हत्या. पिशवीतून चौकटींचा कागद निघाला (निवृत्त बाईंच्या पिशवीत तो का असतो, कोण जाणे), पेन्सिल निघाली, आणि स्टुलावर बसून त्यांनी वर लिहिलं: क्षचा वर्ग भागिले पंचवीस, अधिक यचा वर्ग भागिले नऊ, बरोबर एक.

"याला म्हणायचं प्रमाणित रूप. घाबरायचं नाही. क्ष म्हणजे मधल्या बिंदूपासून आडवं किती गेलात, य म्हणजे उभं किती. खाली दोन आकडे आहेत, पंचवीस आणि नऊ. मोठा कोणाखाली आहे?"

"क्षखाली."

"म्हणजे तुमचा लंबगोल आडवा लांब. यखाली मोठा असता तर उभा लांब. झालं निम्मं काम. आता पंचवीसचं वर्गमूळ?"

"पाच."

"मधल्या बिंदूपासून उजवीकडे पाच, डावीकडे पाच. नऊचं मूळ तीन. वर तीन, खाली तीन. ही चार टोकं झाली. आमची मुलं काय करायची माहितीये? मूळ न काढता पंचवीसच मोजत सुटायची. तुम्ही तसं केलंत ना, तर आरसा दुकानाबाहेर जाऊन रस्ता अडवेल." बाई स्वतःच्याच विनोदावर खुदकन हसल्या. तो त्यांनी वर्षानुवर्षं दर वर्गात केलेला असणार.

मग मधले बिंदू. आडवं तीन गेलो, तर वर किती? तिनाचा वर्ग नऊ, भागिले पंचवीस, आले शून्य दशांश छत्तीस. एकातून वजा केले, राहिले चौसष्ट शतांश. त्याचं मूळ आठ दशांश. त्याला उभ्या तिनाने गुणलं, दोन दशांश चार. तिथे ठिपका. आडवं चार गेलं की वर एक दशांश आठ. "आणि एकच पाव काढायचा," बाई म्हणाल्या. "बाकीचे तीन त्याच्यासारखेच असतात. जे उजवीकडे वर, तेच डावीकडे, तेच खाली." त्यांनी ठिपके जोडत हात फिरवला, आणि कागदावर एक नेटका, शांत लंबगोल उभा राहिला. ना दोरी, ना ताण.

काचवाली बराच वेळ बघत होती. "आणि अंगठे कुठे?" तिने विचारलं.

"कसले अंगठे?"

तिने दोरीची रीत सांगितली. बाईंचे डोळे चमकले. "अस्सं! त्या ठिपक्यांना नाभी म्हणतात. पंचवीसातून नऊ गेले, सोळा, मूळ चार. म्हणजे इथे, आणि इथे." त्यांनी मधल्या रेषेवर दोन ठिपके दिले. "इथे असायचे तुमचे अंगठे. पण आलेख काढायला त्यांची काही गरज नाही. समीकरणात त्या दिसतसुद्धा नाहीत." आणि पुढे गोंधळ नको म्हणून बाईंनी खोडरबर घेऊन ते दोन्ही ठिपके पुसून टाकले. मग त्या खिडकीचं माप देऊन गेल्या.

त्यांनी केलं ते बरोबरच होतं, त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. पण ती त्या कागदाकडे पाहत राहिली, आणि तिला अगदी उघड उघड वाईट वाटलं. जिथे ती एकतीस वर्षं उभी होती ती जागा आकृतीतून काढून टाकली तरी आकृतीला ढिम्म काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने चौकटीत काठामागे आरसा बसतो त्या खाचेचं माप घेतलं. लांबी शंभर सेंटीमीटर दोन मिलिमीटर, रुंदी साठ सेंटीमीटर दोन मिलिमीटर. समीकरणाला लागतं निम्मं, म्हणून दोन्ही निम्मी केली. आणि मग तिने ते केलं जे कुठलाही काचवाला झोपेतसुद्धा करतो: मापातून दोन मिलिमीटर वजा. काच खाचेपेक्षा एवढीशी लहान कापायचीच असते, नाहीतर ती बसताना तडकते. हात कटर उचलायच्या आधी वजाबाकी करतो. तिच्या हातानेही केली. आडवे निम्मे आले एकोणपन्नास दशांश नऊ, उभे एकोणतीस दशांश नऊ. असले तिरपागडे आकडे, त्यांचे वर्ग, त्यांची मुळं. मोबाइलवर आकडेमोड करता करता तिच्या नाकी नऊ आले. दोन दिवस ती ठिपके देत होती. मग जाड पुठ्ठ्यावर एक पाव काढून कापला, आरशावर मधल्या रेषांना लावून चारदा उलटापालटा केला आणि भोवती पेन्सिल फिरवली. लंबगोल आला. खरोखर आला! कटर फिरवला, बाहेरचे तुकडे पकडीने हलकेच तोडले, कडा घासली. "चल, शहाणी," असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि तिने चमकून मागे पाहिलं. मागे कोण असणार.

आरसा चौकटीत बसवला. उजवीकडे ठीक. डावीकडे, काठाच्या आत, उजेडाची एक रेघ. जेमतेम एक मिलिमीटर, पण टोकापाशी स्पष्ट दिसणारी. तिने आरसा डावीकडे ढकलला, तर फट उजवीकडे गेली.

तिने हात टेकले. जेवली नाही. सरळ किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसली. मुलगा बरोबर होता. दोरी धरणारीला दोरीच धरता येते.

चूक तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, आणि ती सापडल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. दोन मिलिमीटर वजा करायचे असतात ते पूर्ण मापातून. तिने केले निम्म्यातून. निम्मं दोन्ही बाजूंना लागतं, म्हणजे आरसा दोनाऐवजी चार मिलिमीटरने लहान झाला, आणि काठ होता तीनच मिलिमीटरचा. बाईंच्या मुलांनी ही चूक कधी केली नसती. त्यांना काच ठाऊक नव्हती. ही चूक करायला काचवालीच हवी. आधी वजा, मग निम्मं. शंभर आणि साठ. पन्नास आणि तीस. तिने आकडे लिहिले आणि पाहतच राहिली. हे तर बाईंचेच पाच आणि तीन, दहापट केलेले! खाली पंचवीसशे आणि नऊशे. तीस गेलं की चोवीस, चाळीस गेलं की अठरा. अर्ध्या तासात ठिपके देऊन झाले. टोकाकडे वळण जास्त असतं म्हणून तिथे एक जास्तीचा घेतला: अठ्ठेचाळीस गेलं की आठ दशांश चार.

दुकानात तेवढा मोठा दुसरा एकच आरसा होता. तिने नवा पुठ्ठा घेतला, पाव कापला, आणि तो आरशावर ठेवताना तिचा हात थबकला.

पुठ्ठा आरशावर ठेवता येतो. मग पुठ्ठ्यात खिळे ठोकता आले असते! आरशात नसतात ठोकत, कबूल. पण फळीत, पुठ्ठ्यात, कशातही दोन खिळे ठोकून, दोरी लावून एकट्याने लंबगोल काढायचा, कापायचा, आणि तो साचा आरशावर ठेवायचा. लहान पोरालाही सुचावं इतकं सोपं. तिला एकतीस वर्षं सुचलं नाही, कारण त्याने एका वाक्यात तिचं तोंड बंद केलं होतं. पण त्याला? जन्मभर काचेत वावरलेल्या माणसाला हे सुचलं नसेल? आणि सुचलं असेल, तर तिला दुधावरून उठवून, पेरांवर वळ उमटवून, कशासाठी उभं केलं?

दोन खिळ्यांचं काम, ती मनाशी म्हणाली. आपण आयुष्यभर दोन खिळ्यांचं काम केलं, आणि वर मुलाला सांगितलं की दोघांनी मिळून केलं.

तिने आरसा कापला. हात अजिबात हलला नाही. रागात माणसाचा हात कधीकधी फार स्थिर असतो. दुपारी चौकटीत बसवून पाहिला. डावीकडे लोटला, उजवीकडे लोटला, चौकट उभी करून तिच्यामागे दिवा धरला. कुठेही फट नाही. असा बिनचूक लंबगोल त्या दुकानात आजवर झाला नसेल. तिला आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

संध्याकाळी इस्त्रीवाल्याची हातगाडी मागून घेऊन ती चौकट चौकटवाल्याकडे पोचवायला गेली. त्याने चारी बाजूंनी बोट फिरवलं, मान तिरकी करून पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं.

"वहिनी, हे तुम्ही केलंत? एकटीने?"

"हो."

"दोरीला कोण होतं?"

"दोरी वापरलीच नाही. समीकरणावरून काढला." एवढं बोलून ती निघणार होती. पण मनातलं तोंडावर आलंच. "भाऊजी, तुम्ही लाकडातले. मला एक सांगा. फळीत दोन खिळे ठोकून लंबगोल काढता येतो, हे यांना खरंच ठाऊक नव्हतं का हो?"

चौकटवाला हसायला लागला. "ठाऊक नव्हतं? अहो, मी स्वतः त्याला तसली फळी करून दिली होती! पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. चांगली सागवानी. दोन खुंट्या, पाहिजे त्या अंतरावर सरकणाऱ्या. म्हटलं, घे, एकट्याने हवे तेवढे लंबगोल काढ. आठ दिवसांत परत आणून दिली."

"का? चालत नव्हती?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, चालते, झकास चालते. म्हटलं, मग रे शहाण्या? तर बसला गप्प. तुम्हाला माहितीच आहे त्याचं. चहा झाला, विडी झाली, उठून निघाला. आणि दारात गेल्यावर म्हणतो, 'मग तिला कोणत्या कारणाने हाक मारू?'" चौकटवाल्याने हसतच तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचं हसू ओसरलं. "वहिनी, बसा. पाणी आणू का?"

ती बसली नाही. मोकळी हातगाडी ढकलत निघाली, आणि दोन गल्ल्यांचं अंतर तिला संपता संपेना. तिला त्याचा राग आला. इतका राग तो जिवंत असताना कधी आला नव्हता. एवढं तोंडाने म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? कारण कशाला हवं होतं? आणि मग तिला दिसलं की तीही कधी बिनकामाची पुढे गेली नव्हती. चहा द्यायला गेली, पैसे मागायला गेली, निरोप सांगायला गेली. नुसती जाऊन बसली, असं एकदाही नाही. तो वर्षातून चार-पाच लंबगोलांची वाट बघायचा, आणि ते आले की ती गॅसवरच्या दुधाचं गाऱ्हाणं सांगायची. भर रस्त्यात तिला रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

ती घरी पोचली तेव्हा फोन वाजत होता.

"आई, काय झालं? दिला का आरसा?"

"दिला."

"नीट बसला?"

"केसभरही फट नाही."

"खरंच एकटीने केलास?" मुलाच्या आवाजात कौतुक होतं. हा प्रश्न त्याने विचारावा म्हणून ती इतके दिवस थांबली होती. उत्तरही तयार होतं, चांगलं ठसक्यात द्यायचं ठरवलेलं.

"हो, एकटीने," ती म्हणाली. आवाज ठसक्याचा निघाला नाही. "त्या कव्हरवाल्याला सांग, जागा मिळणार नाही."

"सांगतो. हरलो बाबा मी. पण आई, तुझा आवाज असा का येतोय?"

"एकट्याने यांनाही जमत होतं रे," ती म्हणाली. "यांना करायचं नव्हतं."

"म्हणजे? काय करायचं नव्हतं?"

तिने पडद्याजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली.

"आई?"

"काही नाही," ती म्हणाली. "तू असं कर, येत्या रविवारी ये इकडे."

"का गं, काही काम आहे का?"

"काम काही नाही," ती म्हणाली. "असाच ये."